खळाळ क्रमांक पाच

मेस्त्रींनी हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि त्यांना पहिली दिसली ती त्यांचीच होडी. स्टेजच्या पायथ्याशी दोन लाकडी घोड्यांवर ठेवलेली. सोळा फुटी, दोन माणसांची, दोन्ही टोकांना निमुळती. तिच्यात काठोकाठ बर्फ भरला होता आणि बर्फात पाण्याच्या बाटल्या खोचल्या होत्या.

"पाणी होडीच्या बाहेर असतं," मेस्त्री दाराशीच म्हणाले. "आत आलं की तिला बुडाली म्हणतात."

दारावरच्या मुलीने हसून त्यांच्या खिशाला एक बिल्ला लावला. त्यावर लिहिलं होतं : नदीमित्र. मग त्यांच्या हातात एक कागदी पिशवी दिली. पिशवीत टोपी होती, आणखी एक पाण्याची बाटली होती, गुंडाळलेला नकाशा होता आणि एक मेणबत्ती होती. मेणबत्तीला म्हणे नदीचा वास होता. मेस्त्रींनी हुंगून पाहिली. साबणाचा वास आला.

सकाळचे अकरा वाजले होते. तीनशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि पहिल्या दोन रांगा सोडून सगळ्या भरल्या होत्या. पहिल्या दोन रांगांतली माणसं उशिराच येणारी होती. तशी यायची म्हणूनच ती पहिल्या रांगेत बसत.

मेस्त्रींची बायको, बाई, गेल्याला आठ महिने झाले होते. घरातली मुलं तिला आई म्हणत, पण नदीवर ती सगळ्यांचीच बाई. या आठ महिन्यांत थोरल्या मुलीने नदीसंरक्षण समिती काढली, तिची अध्यक्ष झाली आणि आजचा लिलाव ठरवला. वरच्या तळ्यापासून खालच्या पुलापर्यंत नदी रानातून जाते. मध्ये रस्ता नाही, वस्ती नाही. दोन दिवस वल्ही मारत खाली यायचं, मध्ये चौदा खळाळ लागतात, म्हणजे पाणी दगडांतून फेसाळत उतरतं त्या जागा. आता काठावरचं रान तोडायला निघालं होतं, ते विकत घेऊन राखायचं होतं. काम चांगलं होतं यात शंका नाही. समितीवर अकरा माणसं होती. त्यातल्या नऊ जणांनी नदी फोटोत पाहिली होती आणि एकाने विमानातून. अकरावी थोरली.

मेस्त्री मावशीच्या शेजारी जाऊन बसले. मावशी म्हणजे बाईची धाकटी बहीण. टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढल्यामुळे तिला हळू बोलता येत नसे.

"होडी पाहिलीत?" मावशी म्हणाली.

"पाहिली."

"धाकट्याने दिली. मी विचारलं त्याला, बापाला विचारलंस का? म्हणतो, सरप्राइज आहे."

"झालं," मेस्त्री म्हणाले.

"ते राहू द्या. कार्यक्रमपत्रिका वाचलीत का? चष्मा लावा आणि शेवटून दुसरी ओळ वाचा."

मेस्त्रींनी चष्मा लावला. शेवटून दुसरी ओळ अशी होती : 'नामकरणाचा मान. खळाळ क्रमांक पाच. यशस्वी देणगीदाराच्या नावे कायमस्वरूपी पितळी पाटी.'

मेस्त्रींनी ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

पाच नंबर म्हणजे बाईचा खळाळ. नदीवरच्या लहान पोरालाही ठाऊक होतं. तीस वर्षांपूर्वी त्यांची होडी तिथे उलटली, मेस्त्री हातपाय मारत काठाला लागले आणि बाई पन्नास हात पुढे वर आली ती हातातलं वल्हं न सोडता आणि नवऱ्याला शिव्या देत. नदीवरच्या माणसांनी तेव्हाच त्या जागेला तिचं नाव दिलं. कुठे पाटी नव्हती, कुठे नोंद नव्हती. माणसं म्हणत होती म्हणून ते नाव होतं. बाईच्या नावाचं जगात दुसरं काहीच नव्हतं. घर मेस्त्रींच्या नावावर, होड्यांचा कारखाना धाकट्याच्या. आता तिथे पितळी पाटी लागणार होती, दुसऱ्याच्या नावाची.

ते उठले आणि थोरलीला शोधत निघाले. ती स्टेजच्या बाजूला एका माणसाला फुलांवरून झापत होती. तिच्या कॉलरला माइकची काडी लावली होती.

"अगं, हा पाच नंबर—"

"बाबा, बिल्ला उलटा लागलाय. थांबा." तिने तो सरळ केला. "हो, पाच नंबर. सगळ्यांना कल्पना फार आवडली. बाटलीवाले शेठ स्वतः येतायत."

"तू पाच नंबर विकतेस?"

"एकच विकतेय हो. बाकी तेराला हात लावलेला नाही. नीट विचार करून पाच निवडला मी."

"विचार करून?"

"मग! तिथे आहे काय एवढं? गेला तर कुणाचं काही जात नाही."

ही बाईची मुलगी. आईच्या आजारपणात चार महिने उशाशी बसलेली. थोरली घड्याळ बघत "नंतर बोलू हं बाबा" म्हणाली आणि दाराकडे धावली, कारण बाटलीवाले शेठ आले होते.

शेठ नदीतलं पाणी बाटलीत भरून विकत. गेल्या वर्षी त्यांनी आपल्या कारखान्याला दुसरा पंप बसवला होता. नदी वाचली पाहिजे याबद्दल या हॉलमध्ये त्यांच्याइतकी कळकळ दुसऱ्या कुणाला असणं शक्य नव्हतं. त्यांच्या मागे त्यांचा मॅनेजर होता आणि मॅनेजरच्या मागे धाकटा होता, शेठची शाल सांभाळत.

मेस्त्रींनी धाकट्याला बाजूला घेतलं. "तुझ्या बहिणीने काय केलंय, माहीत आहे?"

"बाबा, आज नको."

"आईचा खळाळ विकायला काढलाय."

धाकटा जरा थबकला. तो वाईट मुलगा नव्हता. पण शेठ नवं रिसॉर्ट बांधत होते आणि त्यांना वीस फायबरच्या होड्या हव्या होत्या. "तिने काहीतरी बघूनच केलं असेल ना," तो म्हणाला. "आणि समजा घेतला शेठनी, तर लोक काय लगेच आईचं नाव विसरणार आहेत? तुम्ही फक्त आज शेठशी वाकडं बोलू नका. वीस होड्या आहेत बाबा."

"आईच्या होडीत बर्फ भरलास."

"तेवढाच ब्रँड दिसतो आपला."

मेस्त्री परत येऊन खुर्चीत बसले. मावशीने त्यांच्याकडे एक नजर टाकली.

"मुलगी काय म्हणाली?"

"म्हणाली, तिथे आहे काय एवढं."

"आणि चिरंजीव?"

"वीस होड्या."

मावशीने पर्स मांडीवर घेतली. "बरं. मग आपण घेऊ. माझी ठेव आहे बँकेत. मला पोर ना बाळ, कुणासाठी ठेवू? ताईचं नाव दुसऱ्याच्या घशात जाऊ देणार नाही मी. तुम्ही नुसतं माझ्या बाजूला बसा आणि मी घाबरले की चिमटा काढा."

लिलाव पुकारायला जावई उभे राहिले. जावयांचा जुन्या गाड्यांचा धंदा होता. हातोडा भाड्याने आणण्यापेक्षा घरचा माणूस बरा, असं समितीने ठरवलं होतं. जावई बोलायला लागले की समोर काय आहे याने त्यांना फरक पडत नसे.

पहिल्यांदा समितीच्या खजिनदाराच्या पत्नीने काढलेलं नदीचं चित्र आलं. त्यात नदी निळी होती. मेस्त्रींनी चाळीस वर्षं पाहिलेली नदी चहाच्या रंगाची होती, पण चित्र खजिनदारांनीच विकत घेतलं, त्यामुळे वाद झाला नाही. मग अध्यक्षांबरोबर जेवण आलं. ते जावयांनी चुकून स्वतःच पुकारून स्वतःलाच विकलं. लोक हसले. जावयांना हुरूप आला.

"आणि आता, मंडळी, आजचा मुख्य माल! खळाळ क्रमांक पाच! चालू स्थितीत! रात्रंदिवस वाहतो, खर्च शून्य! आजपर्यंत एकाच मालकाकडे, म्हणजे निसर्गाकडे! वीस हजारांपासून बोला!"

शेठच्या मॅनेजरने बोट वर केलं.

"वीस आले! कोण आहे पुढे?"

"पंचवीस!" मावशी ओरडली. पहिल्या रांगेतली माणसं वळली. शेठही वळले. स्टेजवर थोरलीचे डोळे विस्फारले.

"मावशींचे पंचवीस! पंचवीस एक वार—"

"तीस!" मावशी म्हणाली.

"मावशी, पंचवीस तुमचेच आहेत."

"मग? माझे मला वाढवता येत नाहीत का?"

"येतात," जावई म्हणाले. त्यांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक आयुष्यात एकदा येतं. "तीस आले!"

मॅनेजरने पस्तीस केले. मावशीने चाळीस. थोरली कडेने वाकून हातवारे करत होती, पुरे कर, पुरे कर. मावशीला ते दिसत होतं आणि ती मुद्दाम ताठ बसली होती. मॅनेजरने पन्नास केले. मेस्त्रींनी चिमटा काढला.

"काढू नका चिमटा! पंचावन्न!"

"तूच म्हणालीस, घाबरले की काढा."

"मी नाही घाबरले, तुम्ही घाबरलात. दाखवा तरी, कुठे पाटी लावणार तो मेला. नकाशा आहे ना त्या पिशवीत?"

मेस्त्रींनी नकाशा उलगडला. चकचकीत होता, चांगल्या कागदावरचा. वर तळं, खाली पूल, मधून जाडजूड निळी रेघ. प्रत्येक खळाळापाशी गोल आणि गोलात आकडा. मेस्त्रींचं बोट तळ्यापाशी गेलं आणि तिथेच थांबलं. तळ्याजवळच्या पहिल्या गोलात चौदा लिहिलं होतं.

बोट खाली सरकत गेलं. तेरा. बारा. अकरा. बाईचा खळाळ आला, जिथे नदी दोन काळ्या कातळांमधून वाकडी होऊन खाली पडते. गोलात दहा होतं.

आणि पाच? पाच खूप खाली होता. पाच म्हणजे गाळ. घोटाभर पाणी, खाली चिखल, होडीतून उतरून ती ओढत न्यावी लागते. गुरं बसतात तिथे.

कुणीतरी आकडे पुलापासून वर मोजत नेले होते. नदीवरचा कुठलाही माणूस असं मोजत नाही. पाणी जसं जातं तसं मोजायचं, वरून खाली.

मेस्त्रींच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. थोरलीने आईला विकलं नव्हतं. थोरलीने आईला दहा नंबरवर सुखरूप ठेवलं होतं आणि शेठच्या गळ्यात गाळ मारत होती. नीट विचार करून.

"साठ!" मॅनेजर म्हणाला.

मावशीचा हात वर जायला लागला तसा मेस्त्रींनी तो धरून खाली ओढला. "बस कर. तो आपला नाही."

"आपला नाही म्हणजे?"

"तो गाळ आहे."

"गाळाला मी पंचावन्न हजार दिले?" मावशी आपल्या समजुतीने कुजबुजली. ते चार रांगांना ऐकू गेलं.

मेस्त्रींना आठ महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं. आता नुसतं बसून राहायचं. शेठ गाळ घेणार, रान वाचणार, बाई जिथे आहे तिथे राहणार. सगळं आपोआप मार्गी लागलं होतं.

म्हणून त्यांनी निवांतपणे नकाशाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. तिथे सूचना होत्या. 'क्रमांक पाच : अगदी सोपा. लहान मुलांसह होडीत बसूनच जावे. क्रमांक दहा : अतिधोकादायक. आधीच काठाला लागून होडी खांद्यावरून न्यावी.'

हसू गेलं.

नदीवर प्रत्येक खळाळाच्या आधी एका कातळावर लाल रंगाने आकडा काढलेला आहे. हे आकडे बाईने काढले होते. एक शाळामास्तर बुडाल्यावर, दर उन्हाळ्यात डबा आणि ब्रश घेऊन जाऊन. बाईच्या खळाळाआधीच्या कातळावर हातभर उंचीचा पाच आहे. हा नकाशा घेऊन जो माणूस वरून येईल, तो कातळावर पाच वाचेल, नकाशात पाच वाचेल, आणि मुलांना म्हणेल, बसा रे, सोपा आहे.

स्टेजच्या मागे फलक होता. 'लिलावानंतर नदी-सहल. बस वरच्या तळ्याकडे दोन वाजता सुटेल.'

"साठ एक वार!" जावई म्हणाले. "साठ दोन वार!"

मेस्त्रींना हेही सुचलं की हातोडा पडू द्यावा आणि मग थोरलीला कोपऱ्यात घेऊन सांगावं. पण मागच्या रांगेतली काही मंडळी पिशव्या घेऊन उठायलाही लागली होती. एकदा दारातून गेलेली पिशवी कुणाच्या घरी जाईल ते सांगता येत नाही.

ते उभे राहिले. "थांबवा. नकाशा चुकलाय."

मेस्त्रींना सभेत बोलायची सवय नव्हती. त्यांनी कारखान्यात कामगारांना सांगावं तसं सांगितलं. आकडे उलटे आहेत. कातळावरचा पाच म्हणजे या नकाशातला दहा. हा कागद घेऊन कुणी होडीत बसलं तर मरेल. पिशव्या परत द्या.

"बाबा!" थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

शेठ सावकाश उठले. ते आवाज चढवत नसत, त्यांना कधी गरज पडली नव्हती. "मेस्त्री, मग मी साठ हजारांना काय घेतोय?"

"गाळ," मेस्त्री म्हणाले.

"बसा ना बाबा," धाकटा कळवळून म्हणाला.

"आणि कातळावर ज्याला पाच लिहिलंय, तो?"

"तो बाईचा खळाळ."

"नावाजलेला आहे?"

"आहे."

"झालं तर मग," शेठ म्हणाले. "पत्रिकेत पाच छापलंय, नदीवर पाच लिहिलंय. मला नदीवरचा पाच द्या. कागदाचं तुमचं तुम्ही बघा."

"गिऱ्हाईकाचं बरोबर आहे," जावई म्हणाले. त्यांच्या तोंडून सवयीने गेलं. थोरलीने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्यांनी हातोडा पाठीमागे लपवला.

"घ्या!" मावशी म्हणाली. "आलात मोठे सत्यवादी. गप्प बसला असतात तर काय जीभ झडली असती? आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा!"

मेस्त्री उभेच होते. मावशीचं खोटं नव्हतं. त्यांनी स्वतःच्या तोंडाने बाईला लिलावात उभं केलं होतं.

तेवढ्यात मॅनेजर पुढे झाला. तो हिशेबी माणूस होता, मालकाचं नाव कुठे लागतं ते बघायचा पगार घेणारा. "मेस्त्री, तुम्ही मघाशी मरेल म्हणालात. तिथे अपघात होतात का?"

"होतात. वर्षाला दहा-बारा उलटतात. मागच्या वर्षी एकाचा खांदा निखळला."

"पेपरात येतं?"

"येतं."

"काय येतं?"

"बाईच्या खळाळात दोघे वाहून गेले, असं येतं. नदीवरची माणसं तोंडी नुसतं बाई म्हणतात. बाईने फेकलं. बाईने बुडवलं."

मॅनेजरचे ओठ हलले. बाईच्या जागी तो मनात शेठचं नाव घालून बघत होता. मागच्या एका वात्रट माणसाने ते मोठ्याने घालून पाहिलं. "शेठनी बुडवलं!"

"ते लोक आत्ताही म्हणतात," मावशी म्हणाली.

हॉल हसला. मॅनेजर शेठच्या कानाशी लागला. शेठनी ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "मला असा एक द्या, ज्यात कुणी मरत नाही. आणि जो येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. पाटी लावायची तर रानात लावून माकडांना वाचायला देऊ का?"

"पुलाखालचा!" जावयांचा हातोडा पुन्हा वर आला. "नकाशातला एक, नदीवरचा चौदा! अगदी हमरस्त्यावर! दिवसाला पाच हजार गाड्या जातात वरून! उथळ, सुरक्षित, पार्किंग शेजारीच!"

"एक लाख," शेठ म्हणाले.

धाकट्याने श्वास सोडला. समितीच्या अकरा माणसांपैकी दहा जणांनी टाळ्या वाजवल्या. एका दमात काठाच्या अर्ध्या रानाचा इसार निघत होता. थोरलीने डोळे मिटून मान हलवली, हो, द्या.

"एक लाख एक वार! एक लाख दोन वार!"

"तो विकायचा नाही," मेस्त्री म्हणाले.

"अहो!" धाकटा ओरडला. बापाला त्याने कधी अहो म्हटलं नव्हतं.

थोरली स्टेजवरून तरातरा खाली आली. "का नाही, बाबा? आता तर आईचा राहिला ना? आता काय?"

"त्याला नाव आहे."

"पुलाखालच्याला? कसलं नाव? मी जन्मभर त्या पुलाखाली बसलेय, मी नाही कधी ऐकलं."

"तुला कोण म्हणेल? तू तिथेच असायचीस." मेस्त्री म्हणाले. "लेकीचा थांबा. तुझ्या आईने ठेवलंय. वल्ही मारणारे सगळे तेच म्हणतात. लेकीचा थांबा दिसला की घर आलं, असं."

थोरली बोलली ती हळू, पण कॉलरची काडी चालू आहे हे ती विसरली होती, त्यामुळे हॉलच्या चारही कोपऱ्यांतून तिचा आवाज आला.

"आणि आकडे उलटे कुणी घातले म्हणाल तर, मी घातले. मी पुलापासूनच मोजते. दुसरीकडून मोजायला मी होते कुठे? होडी दोघांची. नऊ वर्षांची असल्यापासून मी कोरडे कपडे आणि डबा घेऊन पुलाखाली. तुम्ही वळणावरून दिसायचात तो माझा एक नंबर. त्याच्या मागचा दोन, कारण तो ऐकू यायचा. बाकीचे सगळे तुम्ही जेवताना बोलायचात त्यावरून मोजले. वरचा एकही मी पाहिलेला नाही, बाबा. एकही."

तीनशे माणसं अध्यक्षांकडे बघत राहिली. कुणीतरी हा कार्यक्रमाचाच भाग समजून टाळी वाजवली. मग त्याचं त्यालाच चुकल्यासारखं झालं.

इतकी वर्षं पुलाखाली कोरडे कपडे तयार मिळत आले होते. ते तिथे कसे येतात याचा विचार करायची मेस्त्रींवर वेळ आली नव्हती.

"आईने मला सांगायचं होतं," थोरली म्हणाली. "नाव ठेवलं होतं तर."

"ताईने कुणाला कधी गोड सांगितलंय?" मावशी म्हणाली. या वेळी तिचा आवाज खरंच हळू होता.

"मंडळी," जावई घुटमळत म्हणाले, "माझं दोन वार झालंय."

"तिसरं म्हणू नका," मेस्त्री म्हणाले. "पोरीचं आहे ते."

"माझं आहे ना?" थोरलीने डोळे पुसले. "नक्की माझं?"

"तुझंच."

"मग मीच विकते." ती स्टेजवर चढली आणि तिने नवऱ्याच्या हातातून हातोडा घेतला. "मी तिथे पुष्कळ बसले. आता शेठना बसू देत. एक लाख, तीन वार!"

हातोडा इतक्या जोरात पडला की होडीतल्या बर्फातून दोन बाटल्या घरंगळल्या.

शेठनी तिथल्या तिथे पाटीचा आकार सांगितला. धाकट्याने वीस होड्यांचं विचारलं. शेठ म्हणाले, बघू. ते बघू धाकट्याला पुढे सहा महिने पुरलं.

नदी-सहल रद्द झाली. पिशव्या परत मागायला थोरली, मावशी आणि जावई दारात उभे राहिले. लोकांनी नकाशे आनंदाने दिले. बाटल्या आणि टोप्या मात्र कुणी सोडल्या नाहीत. मेणबत्त्या न मागता परत आल्या.

दोन वाजता हॉल रिकामा झाला. मेस्त्रींनी होडीतला बर्फ टोपलीने उपसून बाहेर टाकला आणि फडक्याने तिचा तळ पुसत बसले. थोरली नकाशांचा गठ्ठा घेऊन आली आणि शेजारी फरशीवरच बसली. काडी काढलेली होती.

"दोनशे एकोणनव्वद आले," ती म्हणाली. "अकरा राहिले. ते मी घरोघर जाऊन आणते. मग नवा छापायचा. या वेळी वरून मोजून."

"हं."

"सूचना कोण लिहिणार? मला सांगा, मी लिहून घेते. पहिला कसा आहे?"

मेस्त्रींनी सांगायला तोंड उघडलं. पहिला जरा डावीकडून, म्हणजे डावीकडून नाही, तिथे एक पांढरा दगड आहे, पाणी चढलं असेल तर तो दिसत नाही, मग उजवा हात—

"नाही सांगता येत," ते म्हणाले. "सांगायची ती. मी ऐकायचो आणि वल्हं मारायचो. उद्या सकाळी सातला कारखान्यात ये. जाऊन बघू."

"उद्या? बाबा, मला पोहता येत नाही."

मेस्त्रींचा हात थांबला. नदीसंरक्षण समितीच्या अध्यक्षांकडे त्यांनी क्षणभर पाहिलं.

"समितीला सांगितलंयस का?"

"नाही."

"सांगू नकोस. जाकीट देतो."

थोरलीने नकाशांचा गठ्ठा मांडीवर ठोकून सारखा केला. "आणि पुलाखाली कोण थांबेल? कपडे घेऊन?"

"धाकटा थांबेल. वीस होड्या येईपर्यंत त्याला तरी काय काम आहे?"

ती हसली. मग होडीच्या दोन बैठकांकडे बघत म्हणाली, "मी मागे बसते. मला काही येत नाही. पुढे तुम्ही बसा, म्हणजे तुम्हाला नीट दिसेल."

"पुढे तू," मेस्त्री म्हणाले. त्यांनी फडकं पिळलं आणि पुन्हा तळ पुसायला घेतला. "मागून चालवायची ती मीच. आणि मला समोर कुणाची तरी पाठ लागते."